मांडीवर मुखवटे, खाली शॉकअप

माझ्या नातीनं तिची जीप जमिनीपासून चांगली चार बोटं वर उचलून घेतली, तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, "आता हिच्यात चढायचं कसं? शिडी लावू का?" ती हसली होती. पुढं माझे दोन पाय याच जीपच्या भरवशावर राहतील, हे तेव्हा घरात कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

नात नोकरी करते, आणि रविवारी तिच्यासारख्याच चार वेड्यांबरोबर जंगलात, नाल्यात, दगडधोंड्यांवर गाडी घालते. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदी. रायपुरात आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या, तिच्यापाशी येऊन भाषेनं रूळ बदलला. असो.

त्या उन्हाळ्यात देवापुढून उठताना माझ्या पाठीत कट्‌ असा आवाज झाला. समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाकडे धरला आणि मणक्यातलं एक हाड दाखवलं. बाकीची हाडं डब्यात रचलेल्या पेढ्यांसारखी नीट, आणि हे एक कोणीतरी अंगठ्यानं चेपल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, "अम्मा, बेल्ट बांधिए, झुकना नहीं, गिरना नहीं. और झटका तो बिलकुल नहीं. एक ज़ोर का झटका लगा और ये हड्डी नस पर बैठ गई, तो पैर..." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलंच नाही. सून माझ्या शेजारी बसून फोटो पाहत होती. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत होते, उरलेलं वाक्य बाहेर येईल म्हणून. आलं नाही. ते मग रोज पहाटे माझ्याकडे येऊ लागलं. डोळे उघडायच्या आधी मी पायाचे अंगठे हलवून पाहायची. हलले की मग डोळे उघडायचे.

आणि त्याच वर्षी महालक्ष्म्यांची पाळी धाकट्या दिरांकडे होती.

आमच्या घराण्यात भाद्रपदातल्या महालक्ष्म्या एका ठिकाणी बसत नाहीत. भावाभावांत पाळी फिरते आणि मुखवटे त्या त्या घरी जातात. मुखवटे शाडूचे, माझ्या आजेसासूच्याही आधीचे. ते डिक्कीत जात नाहीत, सीटवर ठेवत नाहीत. थोरल्या सुनेनं मांडीवर घेऊन बसायचं. आणि मुखवट्यांच्या गाडीत ती आणि हाकणारा, एवढेच. तिसरं माणूस नाही, सामान नाही. बाकीचं खटलं मागून येतं. काहून, ते सासूबाईंना मी एकदा विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तो प्रश्न मी पुन्हा कोणालाच विचारला नाही.

पहिल्यांदा मुखवटे मांडीवर घेतले तेव्हा मी नवी सून होते. लष्कराच्या भंगारातून आलेली एक जीप होती, टप नसलेली, सीटमधून काथ्या बाहेर आलेला. आणि ती बया, म्हणजे तेव्हाची मी, महालक्ष्म्या मांडीवर घेऊन ड्रायव्हरला म्हणत होती, "भैया, थोडा तेज़ चलाओ ना!" खड्ड्यात जीप उडाली की ही हसायची. पदराला बांधलेले फुटाणे देवीच्या डोक्यावरून हात नेऊन तोंडात टाकायची. तिला भीती एकाच गोष्टीची होती, सासूला फुटाण्यांचा वास येईल याची. कंबर नावाची वस्तू आपल्याजवळ आहे, हेच तिला ठाऊक नव्हतं. आज ती भेटली तर तिची वेणी धरून तिला खाली बसवीन आणि म्हणेन, मूर्ख पोट्टे, हळू हाकायला सांग. ही कंबर मला पुढं वापरायची आहे.

दिरांचं गाव गरियाबंदच्याही पुढं, जंगलात. शेवटचा रस्ता मुरमाचा, आणि मध्ये एक नाला. नाल्यावर पूल नाही, रपटा आहे. म्हणजे पाण्याच्या पातळीलाच बांधलेली सिमेंटची पट्टी. पाऊस झाला की पाणी तिच्यावरून वाहतं. त्या वर्षी रस्ता इतका वाहून गेला होता की साध्या गाडीचं पोट खाली टेकत होतं. उंच गाडी तेवढी जाऊ शकत होती.

सून म्हणाली, "आई, या वर्षी मी घेते मुखवटे."

ती प्रेमानंच म्हणाली. पण एकदा मुखवटे सुनेच्या मांडीवर गेले की परत सासूच्या मांडीवर येत नाहीत, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, "मी जाते." आवाज असा काढला की जणू मला भीती वाटतच नाही.

तेव्हा नात म्हणाली, "आजी, मैं जीप को इतना सॉफ्ट करवा दूँगी कि आपको पता भी नहीं चलेगा."

सॉफ्ट! ती जीप म्हणजे मसाला कांडायचं यंत्र होतं. उंच करताना स्प्रिंगा लांब बसवल्या होत्या, पण शॉकअप जुनेच ठेवले होते. ते बिचारे आधीच पूर्ण ताणून उभे. चाक खड्ड्यात गेलं की त्यांना आणखी लांब व्हायला जागा नसे, आणि खालून घणाचा घाव बसावा तसा ठक्‌ आवाज यायचा. नातीला ते आवडायचं. तिचंही वय फुटाण्यांचंच.

शॉकअप निवडायला मी स्वतः गेले. यांना म्हटलं, "कंबर माझी आहे, तर शॉकअप मीच पाहीन." आमचे हे जन्मभर उरल्याच्या, म्हणजे रायपूरच्या कारखानवस्तीतल्या, रोलिंग मिलमध्ये. लाल लोखंड रुळांतून जाताना पाहून पाहून यांच्या लेखी जगात दोनच प्रकार उरलेत, कडक आणि कामातून गेलेलं. सकाळी पोळी जरा मऊ झाली तरी हे तिच्याकडे संशयानं पाहतात.

टाटीबंधच्या पुढं ट्रकच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथल्या एका दुकानदारानं तीन तऱ्हेचे शॉकअप काउंटरवर मांडले. पहिला तेलाचा. मी दोन्ही हातांनी दाबला, तर भिजल्या कणकेसारखा हळूहळू आत गेला. मला लगेच आवडला. दुसरा गॅसचा, जाडजूड; दाबला तर जेमतेम हलला आणि हात काढताच आपणहून वर आला. उद्धट. तिसऱ्याच्या बुडाशी एक चकती होती, ती फिरवून हवा तेवढा नरम-कडक करता येत होता. नातीचा जीव त्याच्यावर. पण तो फक्त पाहायला ठेवलेला. आमच्या गाडीच्या मापाचा बाहेरून मागवावा लागणार होता आणि महालक्ष्म्यांच्या आधी येणार नव्हता.

मी तेलाच्या शॉकअपवर हात ठेवून म्हटलं, "हाच पाहिजे."

हे म्हणाले, "अवो, हा नाव हाये, नाव! डोलत जाईन. अन मोठ्या खड्ड्यात पार खाली बसला म्हणजे लोखंडावर लोखंड आदळते. तो झटका तुले पाहिजे का?"

झटका हा शब्द ऐकला आणि माझा हात आपोआप उचलला गेला. माणूस भ्यालेला असला की त्याला कोणीही काहीही विकू शकतं, नवरासुद्धा.

दुकानदारानं विचारलं, "बाबूजी, गाड़ी में वज़न कितना रहेगा?"

"पूरा परिवार," हे छाती काढून म्हणाले, "ऊपर से ताँबे के बर्तन, चावल के कट्टे. सब जाएगा."

"तो फिर ये गैस वाला, भार वाला सेट ले जाइए, स्प्रिंग भी, शॉकअप भी."

मीही मान डोलावली. नात काही बोलणार होती, पण आजोबांसमोर दुकानात वाद नको म्हणून गप्प बसली.

आठवडाभरात नवे शॉकअप बसले. उरल्याच्या मागं ट्रकांनी नांगरून ठेवलेला एक रस्ता आहे, तिथं आम्ही जीप तपासायला नेली. यांनी शेजारच्या जोडप्यालाही मागं बसवलं, कौतुक पाहायला. मागं दोन पोती तांदूळ. आधी माझ्या जागी सून बसली, मग अर्ध्या रस्त्यात मी. आणि खरं सांगते, ती जीप पाळण्यासारखी चालली. खड्डा यायचा, खाली काहीतरी दबायचं, उठायचं, आणि पाठीपर्यंत नुसती एक लाट पोचायची. सून म्हणाली, "आई, किती छान वाटून राहिलं!" हे तर असे बसले होते जणू शॉकअप यांनीच ओतलेत. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी कुशीवर वळून झोपले.

निघायच्या दिवशी बेल्ट आवळला, वेताची टोपली मांडीवर घेतली. टोपलीत जुन्या धोतरांच्या घड्या, घड्यांत दोन्ही मुखवटे. हाकायला नात, शेजारी मी. बाकी सगळी जीप रिकामी. मागून सुनेची लहान गाडी. तिच्यात सून, हे, आणि सामान. राजिमच्या पुढं डांबरी रस्त्यावरची ठिगळं मला जरा टोचत होती, बोटांची पेरं मारावीत तशी. मी स्वतःला म्हटलं, तू घाबरली आहेस, म्हणून टोचतं.

डांबर संपलं तिथं चहाची टपरी होती. सुनेची गाडी यापुढं जाणार नव्हती. ठरलेलं असं की आधी मुखवट्यांची खेप पोचवायची, मग जीपनं परत येऊन माणसं न्यायची. टपरीपाशी तीन बाया उभ्या होत्या, तीजा, म्हणजे इकडची हरतालिका, करून माहेराहून सासरी निघालेल्या. अंगावर माहेरची कोरी लुगडी, हातात ठेठरी-खुरमीच्या फराळाच्या पिशव्या. रपट्यावर पाणी आल्यामुळं बस येत नव्हती. त्यांतली एक माझ्या खिडकीशी आली. "हमू मन ला घलो बइठार लेव दाई." आम्हालाही बसवून घ्या म्हणत होती.

हे मागून ओरडले, "नहीं, नहीं, ये देवी की गाड़ी है." ती हात जोडून मागं सरली.

मुरमाच्या रस्त्यावर जीप थोडीच गेली असेल. पाण्यानं भरलेलं एक डबकं होतं, दिसायला ताटाएवढं. नातीनं अगदी हळू नेली. पण चाक आत गेलं आणि खालचा तो उद्धट लोखंडी गडी जागचा हललाच नाही. सगळा घाव सीटमधून सरळ माझ्या कण्यात. डोळ्यांपुढं पांढरं झालं. तोंडातून आवाज निघाला तो माझा होता हे मला नंतर कळलं.

नातीनं ब्रेक दाबला. "आजी! आजी, पैर हिलाओ!"

मी हलवले. म्हणजे हलवायचं मनात आणलं. टोपलीमुळं मला माझे पाय दिसत नव्हते, आणि टोपली खाली ठेवायची नव्हती.

"हलले का?"

"चप्पल में हैं, दिख नहीं रहा!"

ती उडी मारून उतरली, फिरून माझ्या बाजूला आली, दार उघडलं, माझ्या चपला ओढून काढल्या. तेवढ्या वेळात मी काय काय पाहून घेतलं! चाकाची खुर्ची. सुनेच्या हातातलं भांडं. खिडकीशी लावलेला पलंग आणि बाहेर शेजारीण विचारते आहे, आज कसं आहे म्हणून. डॉक्टरांनी अर्धं सोडलेलं वाक्य मी तिथं बसून पूर्ण करत होते.

"अब हिलाओ."

मी सगळा जीव अंगठ्यांत नेला.

"हिल रहे हैं," नात म्हणाली आणि माझे पाय छातीशी धरून रडू लागली. मी टोपली धरून बसले होते. डोळे पुसायला हात नव्हता.

मग ती टपरीपर्यंत पळत गेली आणि यांना नि सुनेला घेऊन आली. हे धापा टाकत आले, आणि पहिल्यांदाच यांचा चेहरा मऊ पोळीसारखा दिसला. "वापस चलू," म्हणाले. "मी उचलून नेतो तुले."

"उचलताना पाठ वाकली तर?"

पुढं जायचं तर खड्डे, मागं जायचं तर तेच डबकं, आणि खाली उतरायचं तर ही माडीएवढी जीप. मी सीटवर ताठ बसून राहिले. श्वाससुद्धा मोजून घेत होते. आणि डोक्यात एकच घोळत होतं: हीच जीप, हेच शॉकअप, उरल्याच्या रस्त्यावर पाळणा कसा झाला होता?

"अहो," मी म्हटलं, "त्या दिवशी गाडीत किती जण होतो आपण?"

यांनी मग कपाळावर हात मारला. "भारासाठी शॉकअप घेतले, अन भारच मागं सोडला." लोखंडाचा माणूस तो, एकदा कळलं की पुरतं कळतं. "रिकाम्या गाडीत हे दबतच नाहीत ना. दगड भरतो मागं."

"पत्थर उछलेंगे दादाजी," नात म्हणाली. "आदमी चाहिए."

सून मान खाली घालून उभी होती. "आई, मुखवट्यांच्या गाडीत... अन मी या वेळी..."

मी म्हटलं, "कोणाले काय अडचण हाये, ते आज मी इचारणार नाही, अन कोणी मले सांगूही नका. सगळे बसा. अन त्या तीजावाल्या बायांनाही बोलवा."

"देवीची रीत मोडून राहिली तू," हे हळूच म्हणाले.

"देवीला घरी पोचायचं आहे. तुम्ही मागं बसा, सगळ्यात जड तुम्हीच."

तांदळाची पोती आली, तांब्याच्या घागरी आल्या, सून आली, हे आले. तिन्ही बाया पिशव्या पोटाशी धरून आत शिरल्या. प्रत्येक माणूस चढलं की जीप जराशी खाली बसायची, आणि माझा श्वास तेवढा मोकळा व्हायचा. मागून ठेठरीचा, नव्या लुगड्यांच्या खळीचा आणि घामाचा वास आला. माझ्या पाठीमागं बसलेल्या बाईनं सीटच्या फटीतून दोन्ही हात घालून माझी कंबर धरली. "झन डर्रा दाई," ती म्हणाली, घाबरू नका. तिचे हात धान लावून लावून खरखरीत झालेले, बेल्टवरूनही कळत होते.

पुढचा खड्डा येताना मी डोळे मिटले. जीप खाली गेली, रेंगाळली, वर आली. लाट आली, घाव नाही. नातीनं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली.

पण रपटा अजून पुढं होता. पाणी लालसर, घोट्याएवढं, आणि सिमेंटची पट्टी त्याखाली कुठं संपते ते दिसत नव्हतं. एका बाजूचे दगडी खुंट तेवढे पाण्यावर डोकी काढून उभे. नात म्हणाली, "मुझे किनारा नहीं दिख रहा." तिन्ही बायांपैकी एक न सांगताच उतरली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि पट्टीच्या मधोमध चालू लागली, दर पावलाला पायानं तळ चाचपत. आम्ही तिच्या मागं. पाण्याचा आवाज मोठा होत गेला. रपटा मध्येच एका जागी खचलेला होता. बाई थांबली, हातानं डावीकडून या असं खुणावलं. डावीकडं म्हणजे खुंटांच्या अगदी कडेला. माझ्या खिडकीतून खाली फक्त पाणी दिसत होतं, धावणारं. जीप उतरत्या कडेकडे कलली. मागच्या बायांचं, यांचं, तांदळाचं वजन माझ्या बाजूला आलं. हे मागं काहीतरी पुटपुटत होते, बहुधा देवाचं नाव, किंवा शॉकअपचं. मी टोपलीवर वाकू शकत नव्हते, म्हणून हनुवटीनं धोतराची घडी दाबून धरली होती. पाठीमागचे खरखरीत हात सुटले नाहीत. मग चाकाला वर मुरूम लागला.

दिरांच्या अंगणात पोचलो तेव्हा जाऊ आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. गाडीतून आधी तीन परक्या बाया उतरल्या, मग पोती, मग सून, मग हे. तिच्या ताटातला दिवा हलायला लागला.

"ताई, हे काय वो? आख्खा पारा, सगळा मोहल्लाच घेऊन आल्या?"

"पारा नाही, वजन हाये," मी म्हटलं. "नंतर सांगते. आधी हे घे."

मुखवटे मी बसल्या जागेवरूनच तिच्या हातात दिले. मांडी एकदम हलकी झाली आणि मला माझे पाय दिसले. दिसले, पण ते माझे आहेत का, हे खाली उतरल्याशिवाय कळणार नव्हतं. तांदळाचं एक पोतं जीपला लागून आडवं टाकलं. दोन बाजूंनी दोघी, खालून हे. मी ताठच्या ताठ, भिंतीवरची तसबीर उतरवावी तशी खाली आले. पोतं मऊ होतं, काही कळलं नाही. मग जमीन. दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून उंबऱ्यापर्यंत आले.

मुखवटे आणणारीच्या पायांवर आमच्याकडे उंबऱ्याशी दूध-पाणी घालतात. जावेनं तांब्या तिरका केला. उजव्या पायावर गार धार लागली, लख्ख कळली. डाव्या पायावर धार पडताना मला दिसली, आणि तिचा गारवा, मला वाटलं, जरा मागाहून आला.

"आणखी घाल," मी म्हटलं.

जाऊ सुनेकडे पाहून हसली. थोरलीपणाचा मान मोजून घेऊन राहिल्या, असं तिला वाटलं असणार. वाटू दिलं. तिनं पुन्हा घातलं. मी डोळे मिटून डाव्या पायाकडे लक्ष लावलं आणि म्हटलं, "आणखी."